बबनअण्णांचं लाल फडकं

सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या गॅलरीवरून पारव्यांचा एक थवा जातो. मंडईच्या बाजूनं येतो, समोरच्या इमारतीच्या टाकीला वळसा घालतो आणि नदीकडे उतरतो. घरच्यांना वाटतं, मी चहा पीत उभी आहे. मी खरं तर थव्यातला शेवटचा पारवा यायची वाट बघत असते. एक असतोच असा, सगळ्यांच्या मागून, घराला कुलूप लावलं की नाही हे आठवत निघाल्यासारखा. त्याच्याकडे बघायला मला बबनअण्णांनी शिकवलं. त्यांची आठवण आली की माझा चहा गार होतो, हे आता घरात सगळ्यांनी मान्य केलं आहे.

मी चारा पिकांच्या संशोधन विभागात तांत्रिक सहायक होते. आमचं शेत शहराच्या अगदी पोटात. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला सोसायट्या आणि मधे लसूणघास, कडवळ, मका, चवळी असं गुरांचं खाणं हिरवंगार पसरलेलं. भिंतीपलीकडून दिवसभर बस जायच्या. आत शेत आहे हे त्यांतल्या माणसांना ठाऊक नसे. पारव्यांना मात्र कुठल्या वाफ्यात कधी पेरलं तेसुद्धा ठाऊक असे.

चवळीवर त्यांचा विशेष डोळा. चवळी उगवते तेव्हा कोंब दोन जाड डाळी डोक्यावर घेऊन जमिनीबाहेर येतो. पारवा त्या खुडतो आणि कोंब जागच्या जागी मरतो. त्याला धीर नसेल तर तो त्याआधीच माती उकरून बी काढतो. पेरल्यापासून बारा दिवस निभावले, खरी पानं फुटली, की मग तो त्या रोपाकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे सगळा खेळ बारा दिवसांचा. आम्ही जाळी लावून बघितली होती. पारवे जाळीवर बसले, त्यांच्या वजनानं जाळीला झोळ पडला आणि त्यांनी भोकांतून चोची घालून निवांत न्याहारी केली. त्यानंतर आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, राखणीला माणूस ठेवायचं ठरवलं. ते बबनअण्णा.

साठी उलटलेली, अंगानं काटक, उन्हाळ्यातसुद्धा अंगात खाकी स्वेटर. चालताना मान किंचित खाली. वर काही नसताना, उघड्या बांधावरून चालतानासुद्धा ते डोकं वाचवल्यासारखे चालायचे. म्हातारा माणूस दिसला की लोक मोठ्यानं बोलतात. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "सावकाश बोला, मला ऐकू येतं." आणि येतही होतं. पलीकडच्या वाफ्यात आम्ही दोघी-तिघी सरांबद्दल कुजबुजलो की अण्णा बांधावरून नुसते खाकरायचे.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. अण्णांना छर्ऱ्याची बंदूक दिली होती. त्यांनी चवळीच्या वाफ्याजवळ गुडघाभर खड्डा खणला, त्याच्या भोवती कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या आणि आत बसले. मी लांबून बघत होते. बंदूक वाजली, पारवे उडाले, आणि कडब्यातून एका काठीला बांधलेलं लाल फडकं वर आलं. मला वाटलं, माणसाला काहीतरी झालं. धावत गेले.

"काय झालं, अण्णा?"

"काय न्हाई. चुकला."

"मग हे फडकं कशाला?"

"चुकला म्हून."

एवढंच बोलून ते पुन्हा बंदुकीत छर्रा भरू लागले. फडकं वर आलं तेव्हा शेतात माझ्याशिवाय बघणारं कुणी नव्हतं, आणि मी आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

त्यामागची कथा मला हळूहळू कळली. तीस वर्षं ते चांदमारीच्या मैदानावर कामाला होते. तिथे जवान नेमबाजी शिकतात. एका टोकाला बंदुका, दुसऱ्या टोकाला निशाणाच्या पाट्या. पाट्यांच्या खाली खोल खड्डा आणि खड्ड्यात अण्णा. पाटी वर करायची, गोळ्या डोक्यावरून जाऊ द्यायच्या, मग काठीनं दाखवायचं की गोळी कुठे लागली. लागलीच नसेल तर लाल फडकं हलवायचं. चालताना मान खाली का, ते मला त्या दिवशी समजलं.

"येकदा मोठे सायब आले," ते सांगायचे, "संगं घरची मंडळी. पाच गोळ्या झाडल्या. पाची बाहेर. माझा जोडीदार म्हनतो, मधोमध दाखव गड्या, तुझ्या बापाचं काय जातंय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"पाच बारी फडकं हलवलं."

"नोकरी राहिली?"

"ऱ्हायली की. सायब दुसऱ्या दिवशी येकलेच आले. सकाळपासनं झाडत बसले. मी सकाळपासनं फडकं हलवतोय. दुपारी येक लागली. ती बी दाखवली." मग बडीशेपेचे चार दाणे तोंडात टाकून म्हणायचे, "खड्ड्यातल्या मानसानं खोटं दाखवलं, तर वरच्याला कळनार कसं, तो कुठं चुकतोय?"

पारवे मारण्याची त्यांना अजिबात हौस नव्हती. पुढून येणाऱ्याला ते कधीच मारत नसत. "त्याला वाट म्हाईत असती. त्याला भ्या दावून माघारी धाडायचा. तो जाऊन सांगंल. मेलेला काय सांगनार?" मारायचाच तर शेवटचा, तोही फारच लोचट थवा असेल तरच. आणि मारला की ते त्याच्या गळ्याखालची पिशवी चिरून, तिच्यातले दाणे वर्तमानपत्रावर ओतून, बाभळीच्या काट्यानं निवडत बसायचे. पारवा गिळलेलं धान्य आधी त्या पिशवीत साठवतो, हे मला पदवी घेऊनही ठाऊक नव्हतं.

शेजारच्या सोसायटीत कर्णिक नावाचे एक निवृत्त गृहस्थ राहायचे. बंदुकीचा आवाज ऐकून ते एक दिवस फाटकातून आत आले, पायांत चपला, हातात छत्री, कपाळावर आठी.

"अहो, आपण हे काय चालवलंय? मुके जीव मारता? मी रोज सकाळी त्यांना ज्वारी घालतो."

"बसा," अण्णा म्हणाले आणि वर्तमानपत्र त्यांच्यापुढे सरकवलं. "ही ज्वारी, तुमची. हे हरभरं, तिकडं चौकातल्या देवळापाशी घालत्यात ते. आन् ही चवळी, आमची. हे तुमचं पुन्य, हे आमचं बी. दोनी येकाच पिशवीत."

कर्णिकांनी चष्मा वर करून बराच वेळ ते दाणे पाहिले. मग म्हणाले, "ही ज्वारी माझी नाही. मी बारीक दाण्याची घेत नाही." आणि निघून गेले. पण दुसऱ्या दिवसापासून ते फाटकाशी येऊन आमची पेरणी कधी आहे ते विचारू लागले आणि पेरणीच्या दिवसांत गच्चीवर दुप्पट ज्वारी घालू लागले. म्हणजे पारवे तिकडेच गुंतून पडावेत. पुण्यात माणूस चूक कबूल करतो ती अशी.

त्या पिशवीतले दाणे अण्णा फेकत नसत. धुऊन, वाळवून, शेताच्या एका कोपऱ्यात पेरायचे. ज्वारी, हरभरा, गहू, मूग, एकात एक सगळं. कशाचा कशाला मेळ नाही, ओळ नाही, फलक नाही. सर एकदा वैतागून म्हणाले, "हे काय पीक आहे?" अण्णा म्हणाले, "त्यांचं हाय. त्यांना ठिवलंय." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघितलं. कोपरा राहिला.

मला त्यांच्यासोबत बसायला आवडायचं, हे आता सांगायला हरकत नाही. सकाळी नोंदी घेऊन झाल्या की मी खड्ड्याच्या काठावर टेकायची. नदीवरून ओलसर गारवा यायचा, लसूणघासाचा वास यायचा, आणि शहर कुठेतरी लांब, पांघरुणाखाली बोलत असल्यासारखं ऐकू यायचं. अण्णा जुन्या रबरी चपला कापून पारवे करायचे. राखाडी रंग, मानेवर हिरवट पट्टा. ते वाफ्यापासून दूर मांडायचे, म्हणजे खरे पारवे सोबत बघून तिथे उतरतील. मांडताना प्रत्येकाचं तोंड वाऱ्याकडे. "वाऱ्याकडं पाठ करून पारवा बसत न्हाई. पाठ दिसली की वरच्याला कळतं, हितं काय तरी गडबड हाय."

आणि मग ते म्हणायचे, "डोळे मिटा, ताई."

मी मिटायची.

"आता मंडईवरनं उठलं. हमालांनी पोती आपटली, त्यानं उठलं. आता नदीवर. पान्यावर आलं की पंखाचा आवाज बदलतो, ऐका. आता कर्णिकांच्या गच्चीवर दोन उतरलं. बाकीचं इकडं."

आणि खरंच, डोक्यावर पंखांची शीळ वाजायची. मी सदाशिव पेठेत जन्मले, तिथेच वाढले. पारव्यांशी आमचं नातं खिडकीचा कठडा पुसण्यापुरतं. पण त्या सकाळी डोळे मिटले की मला पुणं वरून दिसायचं. रस्ते नाहीत, सिग्नल नाहीत, नुसत्या हवेतल्या वाटा, मंडईपासून नदीपर्यंत आणि नदीपासून आमच्या चवळीपर्यंत. मी त्या वाटांवरून तरंगत असायची आणि कार्यालयात माझ्या टेबलावर कागदांचा ढीग वाढत असायचा.

मधे एकदा वरून कुणाच्या तरी डोक्यातून एक यंत्र आलं. बुधवार पेठेतून आणलेलं, कर्ण्यातून ससाण्याचा आवाज काढणारं. पहिल्या दिवशी सगळे पारवे पसार. दुसऱ्या दिवशी ते भिंतीवर बसून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी कर्ण्यावर. मी अण्णांना विचारलं, "आता?" ते म्हणाले, "ससाना रोज त्याच टायमाला त्याच जागी वरडाय लागला, तर त्याला कोन भिनार? त्याला तर पेन्शन द्याय पायजे."

त्यांचं स्वतःचं यंत्र म्हणजे चामड्याचे दोन जुने तळवे, तुटक्या बुटांचे. पारवा घाबरून उठतो तेव्हा त्याचे पंख एकमेकांवर आपटतात, फटफट असा आवाज होतो आणि त्या आवाजानं बाकीचे उठतात. अण्णा तळवे एकमेकांवर आपटून हुबेहूब तोच आवाज काढायचे. बंदुकीपेक्षा त्यानं पारवे लवकर उठत. "त्यांच्याच भाषेत सांगायचं," ते म्हणायचे, "आपल्या भाषेत कोन ऐकतंय?"

आता सोळा नंबरची गोष्ट. सोळा नंबर ही सरांनी घडवलेली चवळीची जात. तिला दुसरं नाव नव्हतं. कमी पाण्यावर वाढायची, उन्हाळ्यात गुरांना हिरवा पाला द्यायची. सरांनी तिच्यामागे नोकरीची निम्मी वर्षं घालवली होती. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना बियाण्याच्या खोलीत भुंगा शिरला. कडधान्याला लागतो तोच, बारीक, तपकिरी. पिशव्या उघडल्या तर आत पीठ आणि भोकं पडलेली टरफलं. सर खुर्चीवर बसले ते तासभर उठलेच नाहीत. त्या माणसाला मी तसं कधी बघितलं नव्हतं. मला रडू आलं.

माझ्या आईला सवय होती, बियाणं राखेत ठेवायची. तिचं बघून मी सोळा नंबरच्या नमुन्यातली एक लहानशी मूठ काचेच्या बरणीत, राखेत ठेवली होती, माझ्या टेबलाच्या खणात. ती काढली. चाळली. एकोणचाळीस दाणे निघाले.

मार्च लागला होता. आम्ही तीन ओळी आखल्या, तेरा-तेरा दाण्यांच्या. मी बोटानं खळगा करायची, अण्णा त्यात एक दाणा टाकून माती ओढायचे आणि वीत मोजून पुढे सरकायचे. सर उभे होते. पेरून झाल्यावर म्हणाले, "बबनराव, बारा दिवस डोळ्यांत तेल घालून राखा. एवढंच आहे आता आपल्याकडे."

अण्णा म्हणाले, "व्हय." आणि जमिनीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठावर बसले होते. अण्णांनी नेम धरला. बंदूक वाजली. लांब मांडलेल्या रबरी पारव्यांतला एक कोलमडला.

मी हसणारच होते. पण लाल फडकं वर आलं नाही. मी वाट बघितली. अण्णा खड्ड्यातून उठले, चालत गेले, पायानं चाचपत त्या रबरी पारव्यापाशी थांबले, त्याला उचलून उभं केलं आणि परत आले. पारव्याची पाठ वाऱ्याकडे होती.

"अण्णा," मी म्हटलं, "त्याचं तोंड उलटं आहे."

त्यांनी बंदूक मांडीवर आडवी ठेवली.

"कवापासनं कळलं तुमाला?"

"आत्ता."

"मला वरीस झालं. कडंकडंनं गेलं आधी. मग मधनं. काचबिंदू म्हनत्यात. आता उजेड कळतो, हाललेलं कळतं. कोन हाय ते न्हाई कळत."

वर्षभर मी त्या माणसाशेजारी बसत होते. डोळे मिटा, ताई. आणि मी शहाणी मिटत होते. माझी मलाच लाज वाटली.

"सरांना सांगायला हवं," मी म्हटलं.

"सांगा. बारा दिवसांनी सांगा. बंदूक आत्ता घ्या, कपाटात ठिवा, किल्ली तुमच्यापाशी. बंदुकीला डोळं लागत्यात. राखनीला कान पुरं. मी तीस वर्षं डोक्यावरनं गेलेली गोळी आवाजावर सांगितली हाय, डावी का उजवी. पारवा तर केवढा मोठा."

मग म्हणाले, "आज फडकं न्हाई हलवलं मी. आयुष्यात पयल्यांदा. हात लावंपतुर मला कळलंच न्हाई, काय मारलं ते."

त्या वाक्यानं माझा निर्णय झाला. नियमानं बघाल तर चुकीचाच. आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या भरवशावर सरांचं आयुष्य सोडलं, असंच कुणीही म्हणेल. पण त्या शेतावर पारव्यांचं ऐकणारा दुसरा माणूस नव्हता, आणि मी बंदूक कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

ते बारा दिवस मला आठवतात ते झोपेत बघितल्यासारखे. पहाटे फटफटलं की मी यायची. अण्णा आधीच खड्ड्यात. माझं काम ओळींकडे बघत राहायचं, त्यांचं काम आभाळ ऐकायचं. कोपऱ्यातलं ते बेवारस पीक तेव्हा दाण्यावर आलं होतं. अण्णांनी सगळे रबरी पारवे माझ्याकडून तिथे मांडून घेतले, तोंडं वाऱ्याकडे, एक जरा बाजूला. पलीकडे कर्णिकांनी गच्चीवर ज्वारी ओतली होती. थवे यायचे. काही गच्चीवर उतरायचे, काही कोपऱ्यात. चुकार एखादा ओळींकडे वळला की अण्णा मान न वळवता तळवे वाजवायचे आणि तो हवेतल्या हवेत माघारी फिरायचा. मधे चवळीचे कोंब डोक्यावर डाळी घेऊन, वाकलेल्या मानेनं, एकेक करून वर येत होते. सर रोज दहा वाजता यायचे, लांबूनच मोजायचे आणि परत जायचे.

नवव्या दिवशी माझा डोळा लागला.

घरी पाहुणे होते, उजाडायच्या आत उठले होते, ऊन कोवळं होतं, लसूणघासाला पाणी दिलं होतं आणि पाटातून ते बारीक आवाज करत चाललं होतं. मला वाटलं मी जागीच आहे. मी हवेतल्या वाटेवरून मंडईकडे चालले होते आणि कुणीतरी मला ताई, ताई म्हणत होतं. मग तळवे वाजले. डोळे उघडले तर तिसऱ्या ओळीतून एक पारवा उठत होता.

मी धावले. तिसऱ्या ओळीत, सातव्या जागी, अजून वर न आलेला एक दाणा होता. तिथे नुसता खळगा. मी पायानं माती सारली.

"काय झालं, ताई?"

"काही नाही," मी म्हटलं. "नुसता उतरला होता."

"बरं," अण्णा म्हणाले.

सोळा नंबरचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी फक्त अण्णा उरतील. त्या रोपांना शेंगा धरल्या. सरांनी निवृत्त व्हायच्या आत त्या स्वतःच्या हातानं तोडल्या. पुढच्या वर्षी वाफा झाला, मग शेत झालं, आणि आता आसपासच्या गोठ्यांतून तो पाला जातो. नाव अजून सोळा नंबरच. अण्णा विश्रांतवाडीला मुलीकडे राहायला गेले. मी भेटायला गेले होते, तेव्हा गॅलरीला जाळी होती आणि जाळीपलीकडे पारवे. मी आल्याचं त्यांनी पायरवावरून ओळखलं. आता ते नाहीत.

पण मला ते दिसतात ते बाराव्या दिवशी सकाळी.

खरी पानं फुटली होती. अण्णा खड्ड्यातून बाहेर आले, स्वेटर झटकला.

"मोजा, ताई."

मी ओळींवरून चालले. मोजायची गरज नव्हती. तीन दिवस मी झोपेतसुद्धा तेच मोजत होते.

"एकोणचाळीस," मी म्हटलं.

अण्णांनी मान हलवली. मग ते पहिल्या ओळीपाशी गुडघ्यांवर बसले. वीत टाकली, बोटांनी पान चाचपलं. पुन्हा वीत, पुन्हा पान. इतक्या हलक्या हातानं की पानावरचं दवसुद्धा पडत नव्हतं. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. मी एकेक पाऊल त्यांच्या मागे सरकत होते. तिसऱ्या ओळीत, सहाव्या रोपानंतर त्यांनी वीत टाकली आणि त्यांची बोटं मातीवर थांबली.

"अजून उगवला नसेल," मी म्हटलं.

त्यांनी बोट मातीत घातलं, सावकाश फिरवलं, बाहेर काढलं. "उगवला नसता तर कुजका, फुगलेला, कसा का हुईना, दाना घावला असता. हितं काय न्हाई. नेलाय."

पुढची सहा रोपं मोजून ते उठले. खड्ड्यापाशी गेले, काठी चाचपून घेतली, लाल फडकं झटकून सरळ केलं आणि दोन्ही हातांनी वर धरलं. शेतात आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. सर यायला वेळ होता.

"येक चुकला," ते म्हणाले.

मला ते बघवेना. त्या फडक्याखाली उभा असलेला तो ताठ माणूस, मान पहिल्यांदाच वर, आणि चूक माझी.

"अण्णा, तो तुमचा नाही. नवव्या दिवशी माझा डोळा लागला होता. मी खोटं सांगितलं तेव्हा. आत्ताही सांगितलं."

"म्हाईत हाय."

"माहीत आहे?"

"तुमचा श्वास ऐकला की. घोरत न्हाई तुमी, पर लई लांब बी न्हाई त्यापासनं." ते हसले. मग हसू गेलं. "मी तीन हाका मारल्या. तिसरीला तळवं घेतलं हातात. पयल्या हाकंलाच घ्याय पायजे व्हतं. पर मला वाटलं, ताई हाय की."

काठी खाली आली. त्यांनी ती माझ्या दिशेनं पुढे केली, अंदाजानं, आणि अंदाज अचूक होता.

"मग हे तुमचं," ते म्हणाले. "हलवा."

मी काठी घेतली. वर धरली आणि हलवली, एकदा, दोनदा. मंडईच्या बाजूनं थवा आला, नदी ओलांडून, पंखांची शीळ घालत, आणि आमच्या डोक्यावरून पुढे निघून गेला. अण्णा तोंड वर करून ऐकत होते. मागून एक राहिला होता, तोही गेला, तेव्हा ते म्हणाले, "झालं. आता खाली घ्या, हात दुखंल."